पगार वाढला आणि आरोग्य विमा गेला! बुटीबोरीच्या कामगारांना अडवणारी २१ हजारांची रेघ नेमकी काय आहे?

अमेरिकेतल्या हॉस्पिटलच्या बिलांचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. विमा असूनही हजारो डॉलरचं बिल आलेलं असतं आणि खाली कमेंट असते, 'बरं झालं आपण भारतात आहोत.' पण नागपूरपासून साधारण ३० किलोमीटरवर, वर्धा रोडवरच्या बुटीबोरी एमआयडीसीत काम करणाऱ्या कामगाराला विम्याचे नियम विचारून बघा. तिथेही डोकं चक्रावून टाकणारे नियम आहेत. त्यातला सगळ्यात विचित्र नियम असा: महिन्याचा पगार २१ हजार रुपये असेल तर सगळ्या कुटुंबाला विमा. पगार २१ हजार १ रुपया झाला की विमा बंद.

हा विमा म्हणजे ईएसआय. पगारपत्रकावर 'ईएसआयसी' नावाने जी छोटीशी रक्कम कापली जाते, ती याचीच. ती कशासाठी कापतात, त्या बदल्यात काय मिळतं, ती बंद झाल्यावर नेमकं काय हातातून जातं आणि त्या वेळी काय करायचं, हे समजून घेऊया.

ईएसआय आला कुठून?

दुसरं महायुद्ध सुरू असताना, १९४३ मध्ये, सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम दिलं. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यावरून पुढे कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ झाला. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना प्रत्यक्ष सुरू झाली. महाराष्ट्रात ती १९५४ मध्ये आली.

कल्पना साधी होती. कामगार थोडे पैसे देईल, मालक जास्त देईल, आणि त्या सामाईक पेटीतून आजारी पडलेल्याचा इलाज होईल. कामगाराचं वय किती, त्याला आधीपासून शुगर आहे का, घरात किती माणसं आहेत, हे विचारायचं नाही. ज्याचा पगार जास्त त्याची वर्गणी जास्त, पण दवाखान्यातला हक्क सगळ्यांचा सारखा.

आज १० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ही योजना लागू होते. बुटीबोरीत सूत, टायर, ट्रान्समिशन टॉवर, इंजिनीअरिंग अशा अनेक क्षेत्रांतले कारखाने आहेत. कायम कामगारांसोबत ठेकेदाराकडचे कामगारही तिथे मोठ्या संख्येने काम करतात. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. म्हणजे 'तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस' असं सांगून कंपनीला हात वर करता येत नाहीत.

किती कापतात आणि काय मिळतं?

१ जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के घेतले जातात. त्याआधी हेच दर १.७५ आणि ४.७५ टक्के होते. २१ हजार पगार असेल तर कामगाराचे महिन्याला १५८ रुपये जातात आणि कंपनीचे ६८३ रुपये. म्हणजे कामगाराचा वर्षाचा खर्च दोन हजारांच्या आत.

त्या बदल्यात काय मिळतं?

- उपचार: कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला. यात पती किंवा पत्नी, मुलं आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले आईवडील येतात. दवाखान्यातल्या गोळ्यांपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं. खर्चाला 'तीन लाख' किंवा 'पाच लाख' असं छत नाही.
- आजारपणाचा भत्ता: डॉक्टरांनी कामावर जाऊ नका असं सर्टिफिकेट दिलं तर सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. ठरावीक ३४ दीर्घ आजारांसाठी हा भत्ता ८० टक्के होतो आणि दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो.
- बाळंतपण: २६ आठवड्यांची पूर्ण पगारी रजा.
- कामावर अपघात: बरं होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के. कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या प्रमाणात मासिक रक्कम. मृत्यू झाला तर अवलंबितांना निवृत्तिवेतनासारखी मासिक रक्कम.
- अंत्यविधी: १५ हजार रुपयांपर्यंत मदत.

ही यादी नीट बघा. यातला पहिला मुद्दा मेडिक्लेमसारखा आहे. बाकीचे चार बाजारातल्या साध्या मेडिक्लेममध्ये जवळपास नसतातच. काहींमध्ये बाळंतपणाचा दवाखान्याचा खर्च मिळतो, पण रजेचा पगार नाही. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो. घरी पडून असताना बुडालेला पगार भरून देत नाही.

मग तक्रारी कशाच्या?

कागदावरची यादी एवढी चांगली असताना अनेक कामगार ईएसआयला कंटाळलेले का असतात?

पहिलं कारण अंतर. नागपूर भागातलं ईएसआयचं जुनं रुग्णालय सोमवारी पेठेत आहे. बुटीबोरीहून तिथे जायचं म्हणजे थेट शहरात जायचं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने तापलेल्या लेकराला घेऊन तेवढं जायचं, रांगेत थांबायचं आणि परत यायचं, यात एक दिवसाची मजुरी जाते. ज्या विम्याची वर्षाची वर्गणी दोन हजारांच्या आत आहे, तो वापरायला एका दिवसाचे सातशे-आठशे रुपये मोजावे लागतात. म्हणून साध्या तापासाठी लोक गावातल्या खासगी डॉक्टरकडे जातात. बुटीबोरीतच २०० खाटांचं ईएसआय रुग्णालय हवं, हा विषय म्हणूनच इथे वर्षानुवर्षं चर्चेत आहे.

दुसरं कारण रेफरल. ईएसआयमध्ये आधी आपल्या ठरलेल्या दवाखान्यात किंवा पॅनेलवरच्या डॉक्टरकडे जायचं. तिथे इलाज शक्य नसेल तर ते ईएसआय रुग्णालयात पाठवतात, आणि तिथेही सोय नसेल तर करार असलेल्या खासगी रुग्णालयात. या 'टाय-अप' रुग्णालयात रेफरलचा कागद असेल तर पैसे लागत नाहीत. कागदाशिवाय थेट गेलात तर बिल तुमच्या माथी येऊ शकतं.

तिसरं कारण दोन सरकारं. पैसा गोळा करतं केंद्राचं महामंडळ, म्हणजे ईएसआयसी. महाराष्ट्रातले बहुतेक दवाखाने चालवते राज्याची कामगार विमा योजना, म्हणजे ईएसआयएस. वैद्यकीय खर्चाचा वाटा साधारण सात भाग महामंडळाचा आणि एक भाग राज्याचा. दवाखान्यात डॉक्टर नाही, औषध नाही, अशी तक्रार केली की एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं, आणि कामगाराला आपली तक्रार नेमकी कोणाकडची हेच कळत नाही.

चौथं कारण परतावा. इमर्जन्सीत जवळच्या खासगी रुग्णालयात भरती झाल्यास नंतर खर्च परत मागता येतो. पण तो सरकारी दरांच्या मर्यादेत मिळतो. हॉस्पिटलने लाखाचं बिल केलं आणि सरकारी दराने ते साठ हजार बसत असेल, तर मधले चाळीस हजार खिशातून.

एवढ्या तक्रारी असूनही घरात कॅन्सर, डायलिसिस किंवा हृदयाचं ऑपरेशन निघालं की हाच कामगार ईएसआय कार्ड शोधतो. कारण छोट्या आजाराला गैरसोयीचा वाटणारा हा विमा मोठ्या आजारात घर विकण्यापासून वाचवतो. आणि नेमका तोच विमा पगारवाढीसोबत जातो.

२१ हजारांची रेघ

१ जानेवारी २०१७ पासून ईएसआयसाठी वेतनाची मर्यादा २१ हजार रुपये आहे. अपंग कामगारांसाठी ती २५ हजार आहे. त्याआधी मर्यादा १५ हजार होती. २०१७ नंतर किमान वेतन वाढलं, महागाई वाढली, कामगारांचे पगारही थोडे थोडे वाढले. रेघ मात्र जागची हलली नाही. त्यामुळे २०१७ मध्ये ज्या कामाचा पगार रेघेच्या बराच खाली होता, तेच काम करणारा माणूस आज रेघेच्या बाहेर जाऊ शकतो. तो श्रीमंत झालेला नसतो. मर्यादा वाढवावी, ही कामगार संघटनांची मागणी त्यामुळेच आहे.

आता एक हिशेब करू. समजा एका कामगाराचं वेतन २०,८०० रुपये आहे. ७०० रुपयांची वाढ मिळून ते २१,५०० झालं.

- पगारवाढ: महिन्याला ७०० रुपये
- ईएसआयची कपात बंद झाल्याने वाचले: १५६ रुपये
- हातात वाढले: ८५६ रुपये, म्हणजे वर्षाला १०,२७२ रुपये (पीएफ वगैरे बाजूला ठेवून)

आता त्याने बायको आणि दोन मुलांसह बाजारातून पॉलिसी घेतली आणि समजा तिचा वर्षाचा हप्ता १८,००० रुपये आला. म्हणजे पगार वाढूनही तो वर्षाला ७,७२८ रुपयांनी मागे गेला. आईवडिलांचा विमा यात धरलेलाच नाही. साठीच्या पुढच्या माणसांचा हप्ता तरुणांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

इकडे कंपनीचा याच कामगारामागे भरला जाणारा ३.२५ टक्के वाटाही थांबला. महिन्याचे ६७६, वर्षाचे ८,११२ रुपये. ते पैसे आपोआप कामगाराला मिळत नाहीत. पगारवाढीच्या बोलणीत हा आकडा फारसा कोणी काढत नाही, पण काढायला हवा.

आणि पंधरा दिवस टायफॉईडने घरी पडावं लागलं तर? रोजचं सरासरी वेतन ८०० धरलं तर ईएसआयमध्ये पहिले दोन दिवस सोडून १३ दिवसांचे ७० टक्क्यांनी ७,२८० रुपये मिळाले असते. आता जे काही मिळेल ते शिल्लक रजेवर अवलंबून.

पगार वाढला की विमा त्याच दिवशी बंद होतो का?

नाही. आणि हीच गोष्ट बहुतेकांना माहीत नसते.

ईएसआयमध्ये वर्षाचे दोन वर्गणी कालावधी असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पगार मध्येच मर्यादेबाहेर गेला तरी तो कालावधी संपेपर्यंत वर्गणी कापली जाते आणि तुम्ही विम्यात राहता. शिवाय प्रत्येक वर्गणी कालावधीला जोडलेला एक लाभ कालावधी असतो:

- एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनपर्यंत लाभ
- ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या १ जुलै ते ३१ डिसेंबरपर्यंत लाभ

त्यामुळे १ एप्रिलपासून पगार २१ हजारांच्या वर गेला तर वर्गणी थांबते, पण आधीच्या सहामाहीची वर्गणी अटीप्रमाणे भरलेली असेल तर लाभ ३१ डिसेंबरपर्यंत मिळू शकतो. तोच पगार १ मेपासून वाढला तर वर्गणी सप्टेंबरपर्यंत कापली जाईल आणि लाभ पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत जाईल. एका महिन्याच्या फरकाने सहा महिन्यांचा विमा!

म्हणून 'पगार मर्यादेबाहेर गेला तरी कंपनी ईएसआय कापतेय' असं दिसलं तर लगेच भांडायला जाऊ नका. ती कपात बहुतेक वेळा नियमानुसार आणि तुमच्या फायद्याची असते.

आणखी दोन बारकावे:

- ओव्हरटाइम: मर्यादा ठरवताना ओव्हरटाइमचे पैसे धरत नाहीत. दिवाळीआधी डबल ड्युटी करून एखाद्या महिन्यात २५ हजार हातात आले, तर तेवढ्याने विमा जात नाही.
- वेतनाची नवी व्याख्या: २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता असे काही घटक वेतनातून वगळले आहेत. मात्र वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरला जातो. त्यामुळे पगारपत्रकावरचा एकूण आकडा आणि ईएसआयसाठी धरलेला आकडा वेगळा असू शकतो. 'माझं ईएसआयसाठीचं वेतन किती धरलंय?' हा प्रश्न एचआरला लेखी विचारा.

रेघेपलीकडे काय असतं?

ईएसआय संपल्यावर दोन रस्ते उरतात: कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम किंवा स्वतःची पॉलिसी.

ग्रुप मेडिक्लेम चांगला असतो, कारण त्यात बऱ्याचदा जुने आजार आणि बाळंतपण पहिल्या दिवसापासून धरलेलं असतं. पण तो नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की विमा गेला. ठेकेदाराच्या कामगारांना तो अनेकदा मिळतच नाही.

स्वतःची पॉलिसी नोकरीवर अवलंबून नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही काढला आहे. पण इथे ईएसआयमध्ये कधी न ऐकलेले शब्द भेटतात:

- वेटिंग पीरियड: पहिले ३० दिवस अपघात सोडून बहुतेक काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा अशा यादीतल्या आजारांना अनेक पॉलिसींत दोन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. शुगर-बीपीसारख्या आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं. ही मर्यादा २०२४ पर्यंत चार वर्षं होती.
- को-पे: बिलाचा ठरावीक टक्का तुम्ही भरायचा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत हा हमखास दिसतो.
- कॅशलेस: कंपनीच्या यादीतल्या रुग्णालयात बिल कंपनी थेट भरते. २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो.
- रूम रेंट मर्यादा: खोलीच्या भाड्याला मर्यादा. वाचायला साधी, पण सगळ्यात जास्त फटका हीच देते.

एक खोली आणि ५२ हजारांचा फटका

समजा पॉलिसी तीन लाखांची आहे आणि खोलीची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. नातेवाइकांनी ६,००० ची खोली घेतली. 'वरचे तीन हजार आपण भरू' असा हिशेब. चार दिवस राहिले. बिल असं:

- खोली: २४,००० रुपये
- सर्जन, ओटी, नर्सिंग वगैरे: ८०,००० रुपये
- औषधं, तपासण्या, इम्प्लांट: ५०,००० रुपये
- एकूण: १,५४,००० रुपये

घरच्यांना वाटतं, आपल्याला चार दिवसांचे वरचे १२,००० द्यायचे आहेत. पण कंपनी म्हणते, तुम्ही हक्काच्या दुप्पट भाड्याची खोली घेतलीत, म्हणून खोलीशी जोडलेले बाकीचे खर्चही आम्ही निम्मेच देणार. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटवर ही कपात लावता येत नाही. म्हणजे कंपनी देणार १२,००० + ४०,००० + ५०,००० = १,०२,०००. रुग्णाच्या खिशातून ५२,०००.

डॉक्टर तेच, ऑपरेशन तेच. फक्त खोली बदलली. म्हणून भरती होताना रिसेप्शनवर पहिला प्रश्न हा विचारा: 'माझ्या पॉलिसीत किती भाड्याची खोली बसते?' आणि पॉलिसी घेताना शक्यतो खोलीच्या भाड्याला मर्यादा नसलेली बघा.

अमेरिकेत लोक चिडतात ते याच गोष्टींवर

गंमत म्हणजे तिकडचा घोळही जवळपास त्याच काळात सुरू झाला. इकडे आडारकर अहवाल तयार होत असताना, तिकडे युद्धामुळे १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर बंधनं घातली होती. पगार वाढवता येत नाही, मग कामगार टिकवायचे कसे? कंपन्यांनी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली. पुढे त्याला करसवलत मिळाली आणि विमा नोकरीला कायमचा चिकटला. भारताने सामाईक पेटीचा रस्ता धरला, अमेरिकेने प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या पॉलिसीचा.

आज तिथले आकडे बघा. केएफएफ या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा वर्षाचा सरासरी हप्ता २५,५७२ डॉलर होता. म्हणजे २१ लाख रुपयांहून जास्त. त्यातले ६,२९६ डॉलर कामगाराच्या पगारातून गेले. एवढं भरूनही विमा लगेच पैसे देत नाही. ज्या पॉलिसींत 'डिडक्टिबल' आहे, तिथे आधी तेवढा खर्च स्वतः करायचा. एका माणसासाठी तो सरासरी १,७८७ डॉलर होता. त्यानंतर को-पे, नेटवर्कमधलं हॉस्पिटल, आधी घ्यायची परवानगी.

४ डिसेंबर २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या प्रमुखाची हत्या झाली. त्यानंतर सोशल मीडियावर हत्येच्या निषेधापेक्षा नाकारलेल्या क्लेमच्या कहाण्यांचा पूर जास्त आला. संताप किती साचला होता, ते त्यातून जगाला दिसलं.

तिकडचे शब्द इकडे लावून बघा. त्यांची 'आधी घ्यायची परवानगी' म्हणजे आपला रेफरलचा कागद. त्यांचं 'नेटवर्क' म्हणजे आपली टाय-अप रुग्णालयांची यादी. आणि आपली २१ हजारांची रेघ? तीही तिकडे आहे. स्वतः विमा विकत घेणाऱ्यांना सरकार जे अनुदान देतं, ते मूळ कायद्यानुसार उत्पन्न गरिबी रेषेच्या चारपटीच्या वर गेलं की एकदम बंद होतं. थोडं जास्त कमावलं म्हणून हजारो डॉलरचा फटका. तिथे याला 'कडा' म्हणतात, कारण पुढचं पाऊल थेट दरीत पडतं. २०२१ ते २०२५ अखेरपर्यंतच्या तात्पुरत्या तरतुदीने ही कडा बुजवली होती.

फरक एवढाच की अमेरिकेत कडेवरून पडणाऱ्याचा आवाज जगभर ऐकू येतो. बुटीबोरीतला कामगार पगारवाढीचे पेढे वाटतो आणि विमा गेल्याचं त्याला थेट दवाखान्याच्या काउंटरवर कळतं.

सरकारी योजनांचा आधार मिळतो का?

मिळतो, काही प्रमाणात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: आयुष्मान भारतसोबत जोडलेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत आहेत. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती. आता पांढऱ्या कार्डधारकांनाही घेतलं आहे. पण उपचार यादीत असला पाहिजे आणि रुग्णालय योजनेत असलं पाहिजे. रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, भरती होण्याआधी त्याला भेटा. हेल्पलाइन १५५३८८.

७० वर्षांवरील आईवडील: २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. ईएसआयमध्ये असलेल्यांनाही हे कार्ड काढता येतं.

सरकारी रुग्णालयं: नागपूरचं मेडिकल, मेयो आणि सुपर स्पेशालिटी आहेतच. बुटीबोरीकरांसाठी वर्धा रोडवरच, मिहानमधलं एम्स त्यामानाने जवळ आहे.

यातलं काहीही बुडालेला पगार देत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

पगार २१ हजारांजवळ आलाय? मग हे करा

१. तारीख बघा. वाढ कोणत्या तारखेपासून लागू होणार आहे आणि त्यानुसार ईएसआयचा लाभ कधीपर्यंत आहे, ते काढा.

२. लाभ सुरू असतानाच पॉलिसी घ्या. ईएसआय संपायची वाट बघू नका. ईएसआयमधली वर्षं खासगी पॉलिसीच्या वेटिंग पीरियडमध्ये मोजली जात नाहीत. आधी घेतली तर निदान ३० दिवसांचं वेटिंग तरी ईएसआयच्या छत्राखाली सरेल.

३. आजार लपवू नका. शुगर-बीपी फॉर्मवर लिहिला तर थांबावं लागेल. लपवला आणि सापडला तर क्लेम आणि पॉलिसी दोन्ही जाऊ शकतात.

४. कंपनीशी बोला. कंपनीचा वाचलेला ३.२५ टक्के वाटा ग्रुप मेडिक्लेममध्ये घालावा, ही मागणी एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून करा.

५. ग्रुप विमा असेल तर सुपर टॉप-अप बघा. कंपनीचा विमा तीन लाखांचा असेल तर तीन लाखांच्या वरचा खर्च भरणारी पॉलिसी साध्या पॉलिसीपेक्षा स्वस्तात मिळते.

६. नोकरी सोडताना ग्रुप विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते विचारा. तसं गेलात तर आधी थांबलेला काळ मोजला जातो.

७. ईएसआय नंबर जपून ठेवा. ठेकेदार बदलला तरी नंबर तोच राहायला हवा. नव्या ठेकेदाराने नवा नंबर काढला तर जुनी वर्गणी वेगळी पडते आणि लाभ अडकतात.

८. वर्गणी जमा होते का, तपासा. उमंग अ‍ॅपवर किंवा ईएसआयसीच्या पोर्टलवर दिसतं. पगारातून कापून न भरणं हा मालकाचा गुन्हा आहे.

निवृत्तीजवळ आलेल्यांसाठी एक गोष्ट. किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार घेता येतात. मर्यादा ओलांडल्यामुळे मध्येच बाहेर पडलेल्यांची यात अडचण व्हायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये महामंडळाने अशा काहींनाही हा लाभ द्यायचं मान्य केलं. त्यासाठी १ एप्रिल २०१२ नंतर किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये असणं, १ एप्रिल २०१७ नंतर निवृत्ती आणि निवृत्तीच्या वेळी ३० हजारांपर्यंत वेतन अशा अटी आहेत. घरात कोणी निवृत्त कामगार असतील तर विचारून बघा.

तक्रार कुठे करायची?

ईएसआयबद्दल असेल तर महामंडळाचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-२५२६. वर्गणी, नंबर, भत्ता हे विषय महामंडळाचे. राज्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर-औषधांची तक्रार राज्य कामगार विमा योजनेकडे. दोन्हीकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

खासगी विम्याबद्दल असेल तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे. दाद मिळाली नाही तर 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५. त्यानंतर विमा लोकपाल. तिथे ५० लाखांपर्यंतच्या दाव्याची तक्रार फुकट चालते आणि वकील लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जायला हवं.

पुढच्या वेळी पगारवाढीचं पत्र हातात आलं की नवा आकडा बघा आणि मग एक ओळ खाली, ईएसआयसीच्या रकान्यातही बघा. तिथे शून्य दिसत असेल तर घरच्यांचा विमा कोणत्या तारखेला संपतोय, हे त्याच दिवशी एचआरकडून लिहून घ्या.